आधी वडीलधारे

१

तुफान मेला त्याला आठवडा झाला होता. आमची गाडी रायडिंग स्कूलच्या फाटकातून आत शिरली आणि मी ब्रेक दाबतोय न दाबतोय तोच पागेतला म्हातारा मोतद्दार हात जोडून समोर उभा राहिला.

"डॉक्टरबाई, मीच मारला त्याला. लिहून घ्या आणि मोकळ्या व्हा."

डॉक्टरबाई शांतपणे उतरल्या. त्यांनी रबरी बूट चढवले, तळवे औषधाच्या पाण्यात बुडवले आणि मग म्हणाल्या, "मामा, मी अजून निकाल सांगितलासुद्धा नाही."

मी जनावरांच्या रोगनिदान खात्याचा ड्रायव्हर. रक्ताच्या नळ्यांची बर्फाची पेटीही मीच उचलतो. घोड्यांना मी मनापासून भितो, हे आताच सांगून टाकतो. डॉक्टरबाईंना ते कळू नये म्हणून तीन वर्षं मी गाडी राखायच्या नावाखाली घोड्यांपासून लांब उभा राहत आलोय.

गेल्या आठवड्यात तुफान मेला तेव्हा बाईंनी त्याच्या हिरड्या बघितल्या होत्या, फिकट आणि बारीक लाल ठिपक्यांच्या. दोन महिने त्याला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पोटाखाली सूज आली होती, आणि चालताना मागचे पाय झोकांड्या खात होते. बाईंनी लगेच पागा ठाणबंद केली. एक घोडा बाहेर जायचा नाही, एक आत यायचा नाही. मग नऊच्या नऊ घोड्यांचं रक्त घेतलं, मेलेल्याचंही. आणि मामाला विचारलं होतं, "सुया कशा वापरता?"

आज निकाल आला होता. घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय. ह्याचा विषाणू रक्तात राहतो आणि एकदा शिरला की मरेपर्यंत निघत नाही. लस नाही, औषध नाही. माणसाला काही होत नाही, पण घोड्याचं काही सांगता येत नाही. एखादा पंधरा दिवसांत जातो आणि दुसरा वर्षानुवर्षं ठणठणीत दिसत रोग बाळगत हिंडतो.

"तिघांच्या रक्तात रोग निघाला," बाई म्हणाल्या. "तुफान, काजू आणि कबूतर."

मामाचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो घाईघाईनं म्हणाला, "हो, त्या तिघांनाच. एकच सुई वापरली मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. निकाल ऐकण्याआधी कबूल होणारा आणि निकाल ऐकून कबुली वाढवणारा गुन्हेगार आम्ही दोघंही पहिल्यांदाच पाहत होतो.

२

खात्यातल्या साहेबांना अहवाल उद्या संध्याकाळी हवा होता. रोग आला कुठून, एवढंच त्यांना हवं होतं. मामाची कबुली चिकटवली की कागद पुरा. मग एकतीस वर्षं चारा-पाणी केलेला हा माणूस वैरणीच्या कोठीवरच्या त्याच्या खोलीतून बिऱ्हाड उचलून निघणार, आणि पुन्हा कुठली पागा त्याला दारात उभं करणार नाही.

"सुई कुठली, मामा?" कोठीत पोत्यावर बसून बाईंनी विचारलं.

"बाजारातली. म्हणजे घोड्यांच्या बाजारात गेलो होतो, तिथं एकाच्या घोड्याला इंजेक्शन दिलं. सुई खिशात राहिली. तीच इथं वापरली."

"कुठला बाजार?"

"तो... पलीकडचा."

"कसला घोडा होता?"

"घोड्यासारखा घोडा," मामा म्हणाला आणि चुळबुळत वैरण सारखी करू लागला.

बाई भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर नऊ खुंट्या, नऊ खरारे, नऊ ब्रश, नऊ पट्टे. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळलेला. कोपऱ्यात नऊ बादल्या, त्यांच्या कड्यांनाही तेच दोरे. तुफानचा दोरा तांबडा होता. त्याची बादली धुऊन पालथी घातलेली होती.

"एकाचा खरारा दुसऱ्याला चालत नाही वाटतं?"

"छे! खरूज लागली म्हणजे?" मामा चटकन म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "जो माणूस ब्रशची अदलाबदल होऊ देत नाही, तो खिशातली बाजारातली सुई तीन घोड्यांना टोचणार? आणि सुई रोग वाहते, पिकवत नाही. ही कबुली मी पुढे पाठवली तर चोर सोडून संन्याशाला फाशी होईल."

"मग माश्या?" मी माझं ज्ञान पाजळलं. गोमाशी एकाला चावता चावता हाकलली की शेजारच्यावर जाऊन बसते, हे बाईंनीच मला शिकवलं होतं.

"ठाणं मोजा," त्या म्हणाल्या.

मी लांबूनच मोजली. तुफान पहिल्या ठाणात, काजू पाचव्यात, कबूतर शेवटच्या नवव्यात. मधले सगळे निरोगी. माशी इतकी निवडून चावत नाही. "आणि तुफानचा ताप सुरू झाला तेव्हा कडाक्याची थंडी होती," बाई म्हणाल्या. "तेव्हा माश्या कुठून आणणार?"

म्हणजे कुणीतरी किंवा कशानं तरी त्या तिघांनाच गाठलं होतं.

३

शाळा दोन भावंडांची. थोरली ताई शिकवते, धाकटा भाऊ कागद सांभाळतो. दोघंही साठीच्या पुढची.

भाऊ आम्हाला मैदानाच्या टोकाला सापडले. इस्त्रीची पँट, हातात झारी, आणि कमरेएवढ्या एका रोपाला पाणी घालणं चाललेलं. रोपाभोवती गोल दगड नीट रचलेले. मला नवल वाटलं, कारण ऑफिसच्या खिडकीतली कुंडी मी येता येता पाहिली होती. तिच्यातलं झाड वाळून कोळ झालं होतं.

"सहा महिन्यांपूर्वी नऊही घोड्यांची हीच तपासणी झाली होती," भाऊंनी ऑफिसात रजिस्टर उघडलं. "सगळे स्वच्छ. त्यानंतर नवा घोडा घेतला नाही, कुणी विकला नाही, कुठल्या स्पर्धेला गेलो नाही. ताई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. दोन महिने ती हॉस्पिटलात होती. शाळाच बंद होती म्हणा ना."

बाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. आजी, म्हणजे म्हातारी घोडी, सत्तावीस वर्षं. तुफान अठरा. काजू पंधरा. लवंग तेरा. मग बाकीचे चौघे, दहा-बारा वर्षांचे. सगळ्यांत धाकटा कबूतर, नऊ. भिंतीवर कबूतरचा फोटो होता. राखाडी, मागच्या मांड्यांवर ठिपके, पाठीवर ताई.

"आता तर पांढराशुभ्र दिसतो," बाई म्हणाल्या.

"वयानं पांढरे होतात ना ते," भाऊ पटकन म्हणाले. "आपल्यासारखेच."

हसले ते एकटेच.

ताई रिंगणाच्या कडेला खुर्चीत होत्या, काठी मांडीवर आडवी. त्यांच्यामागे कठड्यावर मान ठेवून कबूतर उभा होता. मी कठड्यापासून बेतानं सहा पावलं लांब थांबलो.

"मामानं काहीही केलेलं नाही," त्या आधी म्हणाल्या. मग कठड्याकडे न बघता विचारलं, "ह्याचं काय होणार?"

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. नियम दोनच रस्ते देतो. मारायचं, किंवा मानेवर खूण करून मरेपर्यंत वेगळं ठेवायचं. बारीक जाळीच्या आत, दुसऱ्या घोड्यापासून दोनशे पावलांवर, जन्मभर.

"घोडा एकटा राहत नाही हो," ताई म्हणाल्या. "आणि हा इतका गुणी झालाय. पूर्वी खोगीर दाखवलं की सतरा नखरे. आता गपचूप उभा असतो."

"तुमच्या आजारपणानंतर?"

"हो," ताई म्हणाल्या, आणि काठीची मूठ उगाच पुसत राहिल्या.

४

"नेमकं घोडं कुठं पेंड खातंय, तेच कळत नाही," गाडीत बाई म्हणाल्या. खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईंच्या तोंडी ही म्हण महिन्यातून एकदा येतेच, पण आज त्या हसल्या नाहीत. "रक्त. तिघांच्या रक्ताला कशानं हात लावला? इंजेक्शन नाही, माशी नाही. नाल ठोकताना रक्त येत नाही. मग काय?"

मी म्हणालो, "मला विचाराल तर रक्त काढतो तो फक्त दाताचा डॉक्टर." माझी दाढ तेव्हा दुखत होती.

बाईंनी इतक्या जोरात माझ्या खांद्यावर थाप मारली की गाडी हेलकावली.

घोड्यांचे दात वाढत राहतात, कडा धारदार होतात, गाल सोलवटतात. म्हणून वर्षातून एकदा कानस घेऊन माणूस येतो आणि ते घासून देतो. तो दातवाला आम्हाला त्याच्या घरी सापडला, अंगणात कानशी उन्हात मांडून बसलेला. आवाज खर्जातला आणि हात फावड्याएवढे.

"चार महिन्यांपूर्वी गेलो होतो," तो म्हणाला. "ताई हॉस्पिटलातनं आल्या त्याच आठवड्यात. घासताना रक्त येतंच थोडं. पण एक सांगतो, त्या मामाच्या पागेत पुन्हा पाऊल टाकणार नाही मी."

"का?"

"तीन घोडे झाले नि हा बाबा चहा घेऊन आला. कानशीवर रक्त बघितलं आणि तुटून पडला की माझ्यावर! म्हणे, एकाचं दुसऱ्याच्या तोंडात घालतोस, लाज नाही वाटत? नुसतं बादलीत बुचकळून चालणार नाही म्हणे. मग पुढच्या प्रत्येक घोड्याला उकळतं पाणी. पाच घोड्यांना पाच पातेली! दिवस गेला माझा."

बाईंनी बोटांवर हिशेब मांडला. मीही. आठापैकी पहिले तिघे न उकळलेल्या कानशीचे, पुढचे पाच उकळलेल्या. पहिले तिघे आजारी, पुढचे पाच धडधाकट.

"आठच का? घोडे तर नऊ."

"आजीला घासायला दात राहिलेत कुठं? बघितलं, गोंजारलं, सोडली."

"आणि पहिले तीन कुठले, आठवतं?"

"नावं मी ठेवत नाही लक्षात. पण क्रम माझा ठरलेला, बापापासनं आलेला. आधी वडीलधारे. म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवायचं नाही. तोंड उघडून सगळ्यांची वयं बघतो आणि मोठ्यापासनं खाली येतो."

"म्हणजे आजीनंतर मोठा तुफान, मग काजू, मग लवंग," मी रजिस्टर आठवून म्हणालो. तोंडातून शब्द निघाले आणि माझंच मला खटकलं. लवंग निरोगी होती.

बाईंनी दातवाल्याकडे रोखून पाहिलं. "सगळ्यांत आधी कुणाचं तोंड घासलंत?"

"पांढऱ्याचं," तो म्हणाला. "तो काय, चांगला विशीतला."

बाई उठल्याच. "आणि हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"विचारलं नाही कुणी," दातवाला म्हणाला. "घोड्याचं वय मालकानं विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हाही बापाचाच नियम. त्यापायी त्यानं एकदा मार खाल्ला होता."

निघताना बाईंनी त्याच्याकडून गेल्या चार महिन्यांतल्या सगळ्या पागांची यादी लिहून घेतली आणि कानशी उकळल्याशिवाय कुठे जाणार नाही असा शब्दही. मग मला म्हणाल्या, "गाडी परत वळवा. आणि ह्या वेळी आत या. मला साक्षीदार लागेल."

५

जायचं नव्हतं, पण गेलो. बाईंनी कबूतरचा ओठ वर केला आणि वरचा कडेचा दात दाखवला. दातावर वरपासून खालपर्यंत एक तपकिरी रेघ होती.

"ही रेघ दहाव्या वर्षी हिरडीपाशी उगवते," त्या म्हणाल्या. "पंधराव्याला अर्ध्यावर येते. खालच्या टोकाला पोचली की घोडा वीस वर्षांचा. रजिस्टरमधला कबूतर नऊ वर्षांचा आहे. त्याच्या दातावर ही रेघ असताच कामा नये."

ठाणाबाहेर भाऊ उभे होते. त्यांच्या हातातली झारी कलली होती आणि पाणी त्यांच्या बुटावर पडत होतं.

"भाऊ, नवा घोडा आला नाही, हे कागदावर खरं आहे," बाई म्हणाल्या. "कारण तो जुन्याच्या नावावर आला. तपासणी झाली ती कबूतरची. हा आला त्याच्यानंतर, तपासणीशिवाय. आजी सोडली तर पागेत वयानं हाच मोठा, म्हणून कानस आधी ह्याच्या तोंडात गेली. तिथून तुफानच्या, मग काजूच्या. रोग तिथेच थांबला तो मामामुळे. तुमचे पाच घोडे मामानं वाचवलेत. आणि तुम्ही सकाळपासून त्यालाच दोष घेऊ देताय."

भाऊ खाली बसले, तिथल्या तिथे, गवतावर.

"पोटशुळानं गेला हो तो," ते म्हणाले. "ताई हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, ही चालायचं मनावरच घेत नाही. मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न, कबूतर कसा आहे? काय सांगणार होतो? एका दलालाकडे हा दिसला. तसाच बांधा, तशीच मान. मामाला शपथ घातली. नवा घोडा पंचेचाळीस दिवस वेगळा ठेवायचा असतो, मला काय ठाऊक नव्हतं? पण वेगळा ठेवला असता तर तिनं विचारलं असतं, का ठेवलास? डॉक्टरबाई, पाया पडतो. मला काय करायचं ते करा. ताईला एवढं सांगू नका."

"काय सांगायचं नाही?"

काठी टेकत ताई आल्या होत्या. त्यांच्यामागे मामा.

भाऊंनी मान खाली घातली. शेवटी ताईच बोलल्या. "माझा कबूतर खोगीर घालताना पोट फुगवायचा, पट्टा सैल बसावा म्हणून. लबाड होता. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी खोगीर आणवलं, नुसतं चढवून बघायला. ह्यानं शहाण्यासारखा श्वास सोडला आणि उभा राहिला. तेव्हाच कळलं मला."

भाऊंनी मान वर केली. "चार महिने? मग बोलली का नाहीस?"

"तू तिथं उभा होतास. शाळेतला निकाल हातात मिळायचा असला की उभा राहायचास ना, तस्सा. काय बोलणार होते मी? आणि तिकडे टोकाला झाड लावलंस. जन्मात कधी कुंडीला पाणी घातलं नाहीस तू. रोज सकाळी खिडकीतून बघायची मी तुला."

मामानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "मला वाटलं, ताईंना ठाऊक नाही. कळलं तर पुन्हा अंथरूण धरतील."

"म्हणून सुईची गोष्ट रचलीस. आणि मला वाटलं, मी बोलले तर ह्याचं मन मोडेल." ताईंचा आवाज फाटला. "तिघांनी एकमेकांची मनं राखली आणि मेला तो तुफान. आता काजू जाईल. त्या मुक्या जनावरांनी आपलं काय घोडं मारलं होतं रे?"

त्या रडल्या तेव्हा मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण कबूतर माझ्या आणि फाटकाच्या मध्ये होता.

बाईंनी सकाळी लिहून घेतलेली मामाची कबुली खिशातून काढली, चार तुकडे केले आणि परत खिशात ठेवले. "आता मला दलालाचा पत्ता हवा," त्या म्हणाल्या. "ह्याच्याबरोबर तिथे किती घोडे उभे होते आणि ते कुठे गेले, ते शोधायचंय. आजच. तिथेही कुणाचा तरी तुफान असेल."

"मी येतो दाखवायला," भाऊ म्हणाले आणि उठले.

काजूचा ताप एकशे पाचवर होता. त्याचं त्याच दुपारी उरकलं, ताईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पांढऱ्यासाठी त्यांनी दुसरा रस्ता मागितला. मैदानाच्या टोकाला, त्या रोपाजवळ, जाळीची खोली. पागेपासून तीनशे पावलं. "खुर्ची तिथे नेईन," त्या म्हणाल्या. "मलाही आता काय धावायचंय?"

बाई फॉर्म भरत होत्या. वय: अंदाजे वीस. रंग: पांढरा. "नाव?"

"कबूतर," भाऊ सवयीनं म्हणाले.

"कबूतर त्या झाडाखाली आहे," ताई म्हणाल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी कठड्यावरून हात लांबवला. पांढऱ्यानं त्यात तोंड घातलं. "ह्याला आपण आल्यापासून दुसऱ्याचं नाव दिलं. ह्याचं स्वतःचं काय होतं, ते दलालाला विचारून या. तोवर ती जागा रिकामी ठेवा."

बाईंनी ती ओळ रिकामी सोडली.

गाडीत भाऊ मागे बसले. आम्ही मुख्य रस्त्याला लागलो. मग मलाच राहवेना.

"बाई, एक सांगायचं होतं. मी घोड्यांना भितो."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मागे भाऊ हसले. मग दलालाचं वळण आलं तेव्हा त्यांनी न विचारता सांगितलं, "डावीकडे घ्या."